राजीनाम्यावर सही केली आणि दोन वर्षांचा भत्ता गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय. कापून छापलंत तरी चालेल, फक्त ईएसआयच्या (पगारातून कापतात त्या कामगार विम्याच्या) दोन योजनांबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी भांडुपला राहते. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधे पॅकेजिंगच्या कंपनीत नऊ वर्षं ऑफिसला होते. खाली गाळ्यात मशिनी, वर पोटमाळ्यावर आमची दोन टेबलं. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय सगळं माझ्याकडे. माणसं साठ-पासष्ट, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका, पॅकिंगला. गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या पार्टीचं काम गेलं आणि शेठनी एकवीस जणांना कमी केलं. महिन्याभराने बाविसावी मी.

त्या एकवीस जणांचे राजीनामे मी टाइप केलेत. हे लिहायला मला जड जातंय पण लिहायलाच पाहिजे. एकच मजकूर, वरचं नाव तेवढं बदलायचं, "मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे, माझे कंपनीकडे काही येणे बाकी नाही." एकेकाला वर बोलवायचं, सही करा म्हणजे आठ दिवसात हिशोब होईल, नाहीतर बघू, असं सांगायचं. पॅकिंगच्या एक मावशी होत्या, चौदा वर्षं झालेली, त्यांनी मला विचारलं, "ताई, वैयक्तिक कारण काय लिहिलंय गं माझं?" मी म्हटलं, मावशी तसंच लिहितात सगळ्यांचं. त्यांनी सही केली, मराठीत, हळूहळू, आणि पेन झाकण लावून माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मला तेव्हा खरंच वाटत होतं की हा नुसता फॉर्मॅट आहे, याने काही फरक पडत नाही. माझा कागद आला तेव्हा मीपण सही केली, मुलाची फी भरायची होती आणि हिशोब लवकर पाहिजे होता.

फरक किती पडतो ते मला घरी बसल्यावर कळलं, आणि तेच इथे सांगायचंय.

ईएसआय म्हटलं की आपल्या लोकांना दवाखाना आठवतो. पगारातून कापतात ते दवाखान्यासाठी कापतात असंच सगळे धरून चालतात, मीसुद्धा कामगारांना तसंच सांगत आले. पगाराच्या पाऊण टक्का आपला जातो, सव्वातीन टक्के कंपनी घालते, २०१९ च्या जुलैपासून हाच रेट. माझा पगार १८,५०० होता तर माझे १३९ रुपये जायचे आणि कंपनीचे ६०२. आता एवढ्या वर्षात माझ्या नावावर किती गेले असतील त्याचा हिशोब मला तोंडपाठ आहे कारण ते चलन मीच भरायचे. पण ह्याच पैशातून नोकरी गेल्यावर भत्तापण मिळतो हे मला, ईएसआयचं काम करणारीला, धड माहीत नव्हतं. मग खाली मशिनवर उभं राहणाऱ्याला कोण सांगणार?

योजना दोन आहेत. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ च्या जुलैत सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी पगाराच्या चौथा हिस्सा द्यायचे, २०२० मधे कोरोनात लोकांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा तो अर्धा केला आणि पूर्वी नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबायला लागायचं ते ३० दिवसांवर आणलं. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, आणि आयुष्यात एकदाच. त्याला निदान दोन वर्षं ईएसआय भरलेला पाहिजे, नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा ईएसआय कापलेला पाहिजे आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी कुठल्याही एका सहामाहीत अजून ७८ दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनासाठी काढलं असेल, वयाने रिटायर झाला असेल किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर मिळत नाही.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, ही जुनी आहे, २००५ च्या एप्रिलपासूनची, आणि हिचं नाव मी नऊ वर्षात एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कंपनी बंद पडली, किंवा कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं आणि नोकरी गेली, तर ही लागू होते. हिच्यात २४ महिने भत्ता आहे. पहिलं वर्षभर अर्धा पगार, दुसऱ्या वर्षी पाव. आणि तेवढा काळ घरच्यांना दवाखाना चालू राहतो. माझ्या मुलाला दमा आहे, पंपाचा खर्च ज्यांच्या घरात आहे त्यांना ह्या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल.

आता बघा. माझ्या दोन वर्षांच्या पगाराची सरासरी धरली साडेसतरा हजार. पहिल्या योजनेत ९० दिवसांचे झाले साधारण पंचवीस-सव्वीस हजार. दुसरीत पहिल्या वर्षाचे १ लाख ५ हजार आणि दुसऱ्या वर्षाचे साडेबावन्न हजार, म्हणजे दीड लाखाच्या वर. नोकरी तीच, कापलेले पैसे तेच, गेली पण त्याच कारणाने. पण मी राजीनाम्यावर सही केली होती, आणि राजीनामा म्हणजे कपात नाही. मला पहिलीच मिळू शकत होती. त्या एकवीस जणांनापण, एक सोडून, त्याचं पुढे सांगते.

शिवाय कपात म्हटलं असतं तर कंपनीला एक महिन्याची नोटीस द्यावी लागली असती आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. नऊ वर्षांचे साडेचार महिन्यांचे पगार होतात. चौदा वर्षांच्या मावशींचे सात महिन्यांचे. ते द्यायला लागू नयेत म्हणूनच राजीनामा लिहून घेतात, हे आता लिहिताना इतकं सरळ दिसतंय, तेव्हा टेबलावर बसून दिसलं नाही.

आणि हे नुसतं कागदावर राहत नाही, ते कॉम्प्युटरमधे जातं. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत ईएसआयचं रिटर्न भरायचं असतं. एक एक्सेलची फाइल असते, प्रत्येक माणसाचा आयपी नंबर (म्हणजे ईएसआयचा विमा नंबर), नाव, किती दिवस भरले, पगार किती, आणि ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारणाचा आकडा आणि कामाची शेवटची तारीख. आकडे ठरलेले आहेत. रजेवर असेल तर १, नोकरी सोडली तर २, रिटायर झाला तर ३, माणूस वारला तर ५. आणि कपात असेल तर १०. त्या एकवीसपैकी ईएसआय असलेल्या वीस जणांपुढे मी २ घातला. वरच्या खोक्यात २ लिहायचं आणि माऊसने धरून खालपर्यंत ओढायचं, वीस ओळी, दोन सेकंदांचं काम. दहा हा आकडा मी नऊ वर्षात कधी वापरला नाही, कोणाला वापरताना बघितलं नाही, आजूबाजूच्या गाळ्यांमधल्या माझ्यासारख्या मुलींना विचारलं तर त्यापण म्हणाल्या आम्ही गेलेल्या माणसाला दोनच घालतो, सरांनी तसंच सांगितलंय. आणि ज्याच्यापुढे दोन पडलाय त्याला ह्याचा पत्ता पण नसतो. त्याला मेसेज येत नाही की बाबा तुझ्याबद्दल कंपनीने असं असं लिहिलंय, तुला मान्य आहे का.

माझं स्वतःचं क्लेमचं सांगते, थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना हीच अडचण येईल. नोकरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी आमच्या भागातल्या ईएसआयच्या शाखेत गेले तर ३० दिवस झाल्यावर या म्हणाले, ते बरोबरच होतं, नियम तसा आहे. महिन्याने घरून मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला. ओटीपी येईना. तीन दिवस मी नेटवर्कला दोष देत होते, मग लक्षात आलं की रजिस्ट्रेशन करताना मोबाइल नंबर कंपनीचा टाकलेला आहे. ओटीपी जात होता ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या फोनवर! आमच्याकडे बहुतेक सगळ्यांचे नंबर तेच होते, कारण कामगार सिमकार्ड बदलतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मागे लागायला नको म्हणून आम्ही ऑफिसचा नंबर टाकायचो. सोयीचं वाटायचं. आता जिथून काढलं तिथेच फोन करून विचारायचं, जरा बघून सांगता का ओटीपी काय आलाय. मी केला दोनदा. तिसऱ्यांदा माझ्याने होईना, मग शाखेत जाऊन, फॉर्म देऊन, आधारची झेरॉक्स लावून नंबर बदलून घेतला.

त्यात आमची बँक मधे दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, रेकॉर्डला जुना आयएफएससी. तो बदलायला अजून एक खेप. आणि ईएसआयला माझं नाव माहेरचं होतं, आधारवर सासरचं. आपल्याकडे बाईचं नाव लग्नानंतर बदलतं, कधी पहिलं नाव सुद्धा बदलतात, पॅकिंगच्या बायकांमधे निम्म्यांची ही अडचण निघेल. भांडुपहून जायचं यायचं, काउंटरची रांग साडेबारापर्यंत संपत नाही, मग जेवणाची सुट्टी, मग सर्व्हर डाउन. शाखेबाहेर एकाने मला अ‍ॅफिडेव्हिट लागेल म्हणून स्टॅम्पपेपर आणि नोटरीचे मिळून ७०० रुपये सांगितले. मी दिले नाहीत कारण आत विचारलं. अ‍ॅफिडेव्हिटची अट २०२० च्या नोव्हेंबरमधेच काढून टाकलीय, आधार आणि बँकेचा कागद ऑनलाइन जोडला असेल तर कागदपत्रं घेऊन जायचीपण गरज नाही. पण बाहेर अजून घेतायत पैसे, आणि लोक देतायत.

काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या हे लिहायलाच पाहिजे. त्यांनीच मला दुसऱ्या योजनेबद्दल सांगितलं. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "तुमचं लेफ्ट सर्व्हिस दाखवलंय. कपात झाली होती का?" मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, "मग राजीनामा कशाला दिलात?" मला उत्तर देता आलं नाही.

पंधरा दिवसात पैसे जमा व्हायला पाहिजेत असं योजनेत आहे, माझे सगळे धरून अडीच महिन्यांनी आले. पण आले. थेट खात्यात आले, कोणी एक रुपया मागितला नाही, आणि त्यात दोन महिन्यांचं भाडं आणि फी निघाली. म्हणून सांगते, ज्यांची नोकरी गेलीय आणि ईएसआय कापला जात होता त्यांनी हा क्लेम टाकाच. हे दान नाहीये, आपल्याच पगारातून गेलेले पैसे आहेत.

ज्यांना हेही नाही त्यांचं काय, हा वेगळा विषय आहे पण सोडवत नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर. ही मर्यादा २०१७ च्या जानेवारीत १५ हजारांवरून २१ हजार केलेली. आमचा मशिन ऑपरेटर होता, दोन वर्षांपूर्वी त्याचा पगार बावीस हजार झाला तेव्हा त्याने खाली सगळ्यांना पेढे दिले होते. एकवीस जणांत तोपण गेला. त्याला ना पहिली योजना ना दुसरी, बावीस हजारात त्याचं घर कळव्याला, दोन मुलं आणि आई. मुंबईत बावीस हजारवाला श्रीमंत कसा धरतात मला कळत नाही. आणि डिलिव्हरीवाले, नाक्यावरचे, घरकामाच्या बायका ह्यांची तर कुठे कापणीच नाही. आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मधे केला, अख्ख्या देशाच्या कितीतरी आधी, वि. स. पागेंचं नाव त्यासाठी आपण आदराने घेतो. काम मागितल्यावर पंधरा दिवसात दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा हे त्यात लिहिलेलं आहे. पण ते गावाकडे. त्याच गावातून मुंबईला आलेल्या माणसाचं काम गेलं तर शहरात त्याला तसा हक्क नाही.

माझे सासरे गिरणीत होते, लोअर परळला. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, परत गिरणीत गेलेच नाहीत. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा १९८२ च्या पहिल्या जानेवारीला तुम्ही कामावर होतात ह्याचा पुरावा मागितला, तर सासऱ्यांनी माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तिकीट नंबरचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, सगळं प्लास्टिकमधे गुंडाळून. एवढी वर्षं. घर अजून लागलेलं नाही. मी राजीनाम्यावर सही करून आले त्या दिवशी त्यांनी विचारलं, कॉपी आणलीस का. नव्हती आणली. ते काही बोलले नाहीत, पण नंतर सासूबाईंनी सांगितलं की रात्री त्यांना झोप लागली नाही.

मला जे मागायचंय ते मोठं नाहीये. कंपनीने रिटर्नमधे कारणाचा आकडा टाकला की त्या माणसाच्या स्वतःच्या मोबाइलवर मराठीत मेसेज जावा, तुमच्या कंपनीने तुम्ही स्वतः नोकरी सोडली असं कळवलंय, चूक असेल तर इतक्या दिवसात अमुक ठिकाणी सांगा. सिस्टिम आहे, आयपी नंबरला मोबाइल जोडलेला आहे, आधार जोडलेलं आहे, हे होण्यासारखं आहे. आणि नंबर माणसाचाच पाहिजे, एकाच मोबाइलवर पन्नास-साठ आयपी नंबर दिसले तर ते सिस्टिमनेच अडवावं. एकाच महिन्यात एकाच कंपनीच्या वीस माणसांपुढे दोन आकडा पडला तर वीस जणांना एकदम वैयक्तिक कारणं कशी निघाली, हे कोणीतरी फोन करून विचारावं. आणि कंपनीने शेवटचा हिशोब देताना दोन्ही योजनांची माहिती असलेला एक मराठी कागद हातात द्यायचा, सही घेऊन, हे सक्तीचं करावं. कामगारमंत्र्यांना पत्र पाठवलंय, ईएसआयलाही पाठवलंय. पोच आली की कळवेन.

माझ्यासारख्या पगारपत्रक करणाऱ्या मुली-मुलं मुंबईत हजारोंनी असतील, प्रत्येक गाळ्यात एक असतेच. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. आपण सरांना नाही म्हणू शकत नाही, मला माहितीये, मीपण म्हटलं नाही. पण सही घ्यायच्या आधी समोरच्याला एवढं तरी सांगता येईल की हा राजीनामा आहे, ह्यावर सही केलीत तर तुम्ही स्वतः सोडलं असं होईल, घरी नेऊन वाचा, उद्या द्या. आणि जाताना त्याचा आयपी नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या, मोबाइल नंबर त्याचा टाकून द्या. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मी सध्या रविवारी आमच्या त्या एकवीस जणांचे क्लेम भरतेय, घरी बसून, लेकाच्या मोबाइलवरून. तेरा झालेत. चौघांचे नंबर बदलायला शाखेत दिलेत. दोघंजण गावी गेलेत, त्यांचा फोन लागत नाही. एक तो ऑपरेटर, त्याला मिळणार नाही हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला ठीक आहे ताई, बाकीच्यांचं करा. आणि मावशी राहिल्यात, त्यांचं आधारवर पहिलंच नाव वेगळं आहे, त्यासाठी लग्नाचा दाखला लागणारे आणि तो त्यांच्याकडे नाही, त्यांच्या लग्नाला ४१ वर्षं झालीत. येत्या रविवारी त्या त्यांच्या भावाला घेऊन येणारेत, त्याच्याकडे लग्नपत्रिका आहे म्हणे.

कोणाला क्लेमच्या कागदांची लिस्ट पाहिजे असेल तर सांगते, आधार, पासबुकाचं पहिलं पान, आयपी नंबर, आणि स्वतःच्या खिशात असलेला मोबाइल. बास.

माझं नाव छापू नये ही विनंती, अजून नोकरी शोधतेय.

आपली,
एक वाचक,
भांडुप (प.), मुंबई